घरचा ब्रेड आणि चोवीस शब्द

अमेरिकेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी दारात एक ब्रेड आणून दिला. सुती फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट. गाव होतं ब्लूमिंग्टन-नॉर्मल. इलिनॉय राज्याच्या साधारण मधोमध असलेलं हे जोडगाव. चारी बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्ये विम्याच्या धंद्याची मोठमोठी कार्यालयं, आणि त्या कार्यालयांची जुनी सॉफ्टवेअरं सांभाळायला आपल्याकडून गेलेले इंजिनिअर. मी त्यांतलीच एक, चौदा महिन्यांसाठी पाठवलेली. कऱ्हाडहून पुण्याला आणि पुण्याहून थेट तिथे.

बाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. पुढे ओळख वाढल्यावर एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी ब्रेड कसा करतात ते शिकत होते. पीठ मळता मळता त्या सहज म्हणाल्या, "हा ब्रेड मी आमदारांसाठीसुद्धा भाजलाय." सत्तरच्या दशकात त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी गाडीची डिकी भरेल एवढे ब्रेड भाजले होते आणि तासाभरावरच्या स्प्रिंगफील्डला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, नेऊन वाटले होते. मला वाटलं, पूरग्रस्तांसाठी वगैरे काही असेल. "कशासाठी?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ईआरए पाडायला."

ईआरए म्हणजे इक्वल राइट्स अमेंडमेंट. स्त्री-पुरुषांना कायद्यापुढे समान हक्क देणारी घटनादुरुस्ती. ती पाडायला बायकांनी घरी ब्रेड भाजले.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण बाई हसल्या. मी आमच्या घरातली इंजिनिअर झालेली पहिली मुलगी. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर, 'बिचाऱ्या, कुणीतरी भरीस घातलं असणार.' पण ज्या बाई अजून स्वतःचा आयकर स्वतः भरतात, अंगणातला बर्फ स्वतः उपसतात आणि माझ्या भाडेकरारातली चूक दोन मिनिटांत दाखवून देतात, त्यांना कुणी भरीस घातलं असेल हे काही पटेना. मग पुढचं वर्षभर, कामातून वेळ मिळेल तसं, मी हे प्रकरण वाचत गेले. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

या दुरुस्तीचं मुख्य कलम इंग्रजीत अवघ्या चोवीस शब्दांचं आहे. कायद्याखालची समानता लिंगाच्या कारणावरून केंद्राने किंवा कोणत्याही राज्याने नाकारू नये किंवा तिच्यात काटछाट करू नये, एवढंच ते म्हणतं. मूळ कल्पना अ‍ॅलिस पॉल या मताधिकाराच्या लढ्यातल्या कार्यकर्तीची. १९२३ साली ती पहिल्यांदा काँग्रेसमध्ये मांडली गेली आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तिथेच पडून राहिली.

आणि इथे मला पहिला धक्का बसला. त्या पन्नास वर्षांत तिला सर्वांत ठाम विरोध करत होत्या त्या डावीकडच्या बायका. फ्लोरेन्स केली, पुढे एलिनॉर रूझवेल्ट, कामगार संघटनांमधल्या स्त्रिया. कारण सरळ होतं. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलर विरुद्ध ऑरेगन या खटल्यात स्त्री कामगारांचे तास मर्यादित करणारा कायदा उचलून धरला होता. कपडे धुण्याच्या कारखान्यात दहा तासांपेक्षा जास्त राबवता येणार नाही, हे संरक्षण फक्त बायकांना मिळालं होतं. कागदावरची पूर्ण समानता आली असती तर ते गेलं असतं. उलट रिपब्लिकन पक्षाने १९४० सालीच या दुरुस्तीला आपल्या जाहीरनाम्यात पाठिंबा दिला होता. म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह म्हणजे विरोध आणि लिबरल म्हणजे पाठिंबा, हे आज जे आपण गृहीत धरतो ते तेव्हा जवळजवळ उलटं होतं. (आपल्या घटनाकारांनी कलम १५ मध्ये समानताही ठेवली आणि स्त्रिया व मुलांसाठी विशेष तरतुदी करायची मुभाही ठेवली. हा पेच त्यांना आधीच दिसला होता असं मला वाटतं. अमेरिकेतल्या त्या वादाबद्दल वाचताना पंधराव्या कलमाचं तिसरं उपकलम मी पहिल्यांदा नीट वाचलं, हीही कबुली देऊन टाकते.)

साठच्या दशकात चित्र बदललं. नोकरीतला लिंगभेद बेकायदा ठरवणारा कायदा १९६४ साली आला, 'फक्त बायकांसाठी' असलेले संरक्षक कायदे त्यापुढे टिकेनात, आणि कामगार संघटनांचा विरोध मावळला. १९७१ च्या ऑक्टोबरात प्रतिनिधीगृहाने ३५४ विरुद्ध २४ मतांनी आणि २२ मार्च १९७२ रोजी सेनेटने ८४ विरुद्ध ८ मतांनी दुरुस्ती मंजूर केली. आता ५० पैकी ३८ राज्यांनी सात वर्षांच्या आत मान्यता द्यायची होती. हवाईने त्याच दिवशी दिली. वर्षभरात ३० राज्यं झाली. उरली फक्त आठ. बाकीची सहा वर्षं नुसतं पेढे वाटायचं काम आहे, असं सगळ्यांना वाटलं असल्यास नवल नाही.

त्या सगळ्यांत एक बाई नव्हती. फिलिस श्लाफ्ली.

तिच्यावर 'मिसेस अमेरिका' नावाची एक मालिका २०२० साली आली, केट ब्लँचेटने तिचं काम केलं, त्यामुळे काहींना नाव माहीत असेल. मालिका चांगली आहे, पण मूळ बाई तिच्यापेक्षा चमत्कारिक. जन्म १५ ऑगस्ट १९२४, सेंट लुइसचा. मंदीत वडिलांची नोकरी गेली आणि घर चालवलं ते आईने, नोकरी करून. फिलिसने कॉलेजची फी भरायला महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी केली. तिचं काम होतं बंदुका आणि मशीनगनमधून गोळ्या झाडून त्यांची तपासणी करणं. रात्री गोळ्या, सकाळी वर्ग. मग रॅडक्लिफमधून एम. ए., पुढे एका वकिलाशी लग्न, मिसिसिपी नदीकाठच्या ऑल्टन गावात संसार, सहा मुलं. १९५२ साली काँग्रेसची निवडणूक लढवली, हरली. १९६४ साली बॅरी गोल्डवॉटरच्या बाजूने स्वतः एक पुस्तिका छापली, ती लाखोंनी खपली. एका निवृत्त रिअर अ‍ॅडमिरलबरोबर अण्वस्त्रनीतीवर जाडजूड पुस्तकं लिहिली. १९६७ साली रिपब्लिकन महिला महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरली. १९७० साली पुन्हा काँग्रेसची हरली.

अशी बाई देशभर फिरून सांगायची की स्त्रीची खरी जागा घर. भाषणाच्या सुरुवातीला मुद्दाम नवऱ्याचे आभार मानायची, 'मला येऊ दिलं म्हणून'. समोरच्या स्त्रीवाद्यांचा तिळपापड होतो हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच म्हणायची. १९७३ साली तिची बेटी फ्रीडनशी जाहीर चर्चा झाली तेव्हा फ्रीडनचा तोल इतका सुटला की हिला खांबाला बांधून जाळावंसं वाटतं, असं ती म्हणून गेली. श्लाफ्लीने शांतपणे उत्तर दिलं की तुम्ही असं बोललात ते बरं झालं, लोकांना तुमचा स्वभाव कळेल. ही चर्चा झाली इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीत. म्हणजे नॉर्मल गावात. माझ्या रोजच्या बसच्या वाटेवर.

ढोंगी होती का? मला आधी तसंच वाटलं. आता इतकं सोपं वाटत नाही. १९७१ च्या अखेरीस कनेटिकटमधल्या एका मैत्रिणीने तिला या दुरुस्तीवर बोलायला बोलावलं तेव्हा तिला विषयात काडीचा रस नव्हता. संरक्षणावर बोलते म्हणाली. मैत्रिणीने वाचायला साहित्य पाठवलं आणि त्यातून फेब्रुवारी १९७२ मध्ये तिच्या चार पानी मासिक पत्राचा एक अंक निघाला. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: अमेरिकन स्त्रीला आजवर समाजाने जे दिलंय ते कोणत्याच समाजाने दिलेलं नाही. कायद्याने नवऱ्यावर बायको-मुलांना पोसायची जबाबदारी आहे. सक्तीची सैन्यभरती फक्त मुलांची होते. हे हक्क आहेत, बेड्या नाहीत. 'समानता' आली की ही दोन्ही जातील, आणि बदल्यात जे मिळेल म्हणून सांगतात ते इतर कायद्यांनी मिळालेलंच आहे. तिच्या संघटनेचं नाव होतं स्टॉप ईआरए. त्यातल्या स्टॉपची फोड 'आमच्या सवलती काढून घेणं थांबवा' अशी व्हायची. बोधचिन्ह रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीचं.

सैन्यभरतीचा मुद्दा आज किरकोळ वाटतो, पण वर्ष पाहा. १९७२. व्हिएतनाममध्ये मुलं मरत होती, सोडत काढून कोण जाणार ते ठरत होतं. आमच्या शेजारच्या बाईंचा धाकटा दीर तिथून परत आला तो झोपेत ओरडायचा. त्या म्हणाल्या, "माझ्या दोन मुली होत्या. कुणी मला सांगितलं की उद्या यांनाही पत्र येऊ शकतं, तर मी काय करायचं होतं?" दुरुस्तीच्या बाजूचे यावर नीट उत्तर देत नसत. समानता म्हणजे समानता, असं त्यांतले अनेकजण तत्त्वासाठी म्हणत. जेन मॅन्सब्रिज या अभ्यासक स्वतः दुरुस्तीच्या बाजूने इलिनॉयमध्ये काम केलेल्या. १९८६ साली त्यांनी हा पराभव का झाला यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की दुरुस्तीमुळे तातडीने फारसं काही बदललंच नसतं. पण लढणाऱ्यांना मोठ्या तत्त्वासाठी लढायचं असतं, म्हणून दोन्ही बाजूंनी परिणाम फुगवून सांगितले, आणि फुगवण्याचा फायदा विरोधकांना जास्त झाला. भीती पसरवायला एकच उदाहरण पुरतं.

आता माझ्या धंद्याच्या नजरेने जे दिसलं ते सांगते, कारण या प्रकरणात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते याने.

श्लाफ्लीची खरी मालमत्ता एक यादी होती. १९६७ ची महासंघाची निवडणूक हरल्यावर तिने आपल्या समर्थक बायकांची नावं-पत्ते ठेवून दिले आणि त्यांना दरमहा पत्र धाडायला लागली. वर्गणी वर्षाला पाच डॉलर. ही बायकांची यादी होती, पक्षाची नव्हे. त्या चर्चमध्ये जात, शाळेच्या पालकसभेत जात, दुपारी घरी असत आणि त्यांच्याकडे फोन होता. एकीने ठरलेल्या काहींना फोन करायचा, त्यांनी पुढच्या ठरलेल्या काहींना. सकाळी समितीत विधेयक येणार असं कळलं की दुपारपर्यंत आमदाराच्या कचेरीतला फोन वाजायचा थांबत नसे. वितरित प्रणाली म्हणून आम्ही जे आकृत्या काढून शिकतो ते हेच. मध्यवर्ती सर्व्हर ऑल्टनच्या घरातल्या टेबलावर, बाकी सगळं कडेला. एखादं टोक निकामी झालं तरी बाकीचं चालू.

साधारण त्याच काळात रिचर्ड व्हिग्युरी नावाचा एक तरुण दुसरी यादी करत होता. गोल्डवॉटर १९६४ मध्ये सपाटून हरला, पण त्याला पन्नास डॉलरहून जास्त देणग्या देणाऱ्यांची नावं नियमाप्रमाणे वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या कचेरीत जमा होती. व्हिग्युरी तिथे गेला आणि माणसं लावून ती हाताने उतरवून घेतली. सुमारे साडेबारा हजार नावं. मग ती चुंबकीय टेपवर चढवली आणि त्यांना पत्रं पाठवत सुटला. अमेरिकन कॉन्झर्वेटिव्ह चळवळीचा इतिहास सांगताना विचारवंतांची नावं पुढे येतात: विल्यम बकली आणि त्याचं १९५५ सालचं नॅशनल रिव्ह्यू, रसेल कर्क वगैरे. त्यांनी विचार दिला हे खरंच. पण पुढे रेगनपर्यंत ती पोचली ती या पत्त्यांच्या यादीवर बसून, असं माझं मत आहे. मी डेटाबेसमध्ये काम करते म्हणून कदाचित मला तसं दिसत असेल.

श्लाफ्ली आणि व्हिग्युरी यांच्यातला फरक मात्र मोठा. टेपवरच्या नावाला पत्र येतं आणि ते चेक पाठवतं. श्लाफ्लीच्या यादीतल्या नावाला शिकवणी मिळे. साक्ष कशी द्यायची, कॅमेऱ्यासमोर कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, विरोधक भडकला तरी हसत कसं राहायचं, याच्या कार्यशाळा ती घेत असे. ज्या बाईने आयुष्यात कधी चारजणांपुढे तोंड उघडलं नव्हतं ती वर्षभरात विधिमंडळाच्या समितीपुढे घटनेतल्या तरतुदींवर बोलू लागे. शेजारच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "मी पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले ती तिथे," त्या म्हणाल्या. "नवरा मागे बसला होता. घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, तुला एवढं येतं हे मला माहीत नव्हतं."

आणि ब्रेड. घरी भाजलेला, कधी सोबत जॅम, वर चिठ्ठी: ब्रेड भाजणारीकडून ब्रेड कमावणाऱ्याला. इंग्रजीत पोट भरणाऱ्या कर्त्या पुरुषाला जो शब्द आहे त्यावरचा तो श्लेष. समोरच्या गटाच्या बायका घोषणा देत यायच्या, या ब्रेड घेऊन यायच्या. एखाद्या ग्रामीण भागातल्या साठीच्या आमदाराचं काय होत असेल, कल्पना करा.

या कथेतला एक कोपरा सोडून चालणार नाही. ईआरएला सेनेटमध्ये कडाडून विरोध करणारा सॅम एर्विन हा नॉर्थ कॅरोलिनाचा सेनेटर १९५६ साली शाळांमधल्या वर्णभेदबंदीविरुद्धच्या दक्षिणेच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी. दक्षिणेतल्या बऱ्याच आमदारांना 'केंद्राने आमच्यात नाक खुपसू नये' हा जुनाच राग नव्या निमित्ताने काढायचा होता. ब्रेडवाल्या बायकांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. आणि एका पगारात घर चालवणं ज्यांना परवडत होतं त्यांचाच हा 'सवलतीं'चा युक्तिवाद होता. गोऱ्या घरांत दुसऱ्याची भांडी घासणाऱ्या काळ्या बाईला नवऱ्याने पोसायचा हक्क कोणत्या कायद्याने दिला होता? मी हे शेजारच्या बाईंना विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या बैठकांत तशी कुणी नव्हती." मी पुढे विचारलं नाही.

१९७७ च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनमध्ये सरकारी खर्चाने राष्ट्रीय महिला परिषद भरली. तीन अध्यक्षांच्या पत्नी व्यासपीठावर. गर्भपाताचा हक्क, समलिंगी स्त्रियांचे हक्क, सगळ्याचे ठराव झाले. त्याच शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅस्ट्रो अरीनात श्लाफ्लीच्या बाजूची सभा भरली. पंधरा हजारांच्या आसपास माणसं, बरीचशी रात्रभर बसने आलेली, कडेवर मुलं. कॅथलिक, इव्हँजेलिकल, मॉर्मन. एकमेकांच्या देवळात पाऊल न टाकणारी ही मंडळी एका छताखाली बसली. आजच्या अमेरिकेत 'कौटुंबिक मूल्यं' या दोन शब्दांभोवती जो पक्ष उभा दिसतो त्याची मोट बांधायला त्या शनिवारी सुरुवात झाली, असं अनेक इतिहासकार मानतात.

त्या वर्षाच्या जानेवारीत इंडियाना हे पस्तिसावं राज्य झालं होतं. त्यानंतर मुदतीत एकही वाढलं नाही. उलट पाच राज्यांनी दिलेली मान्यता मागे घेतल्याचे ठराव केले. काँग्रेसने मुदत ३० जून १९८२ पर्यंत वाढवली. सगळ्यांचं लक्ष इलिनॉयवर, कारण उत्तरेतलं मान्यता न दिलेलं हे एकमेव मोठं औद्योगिक राज्य. गंमत अशी की इलिनॉयच्या स्वतःच्या १९७० च्या राज्यघटनेत स्त्री-पुरुष समानतेचं कलम आहेच. ते आहे म्हणून कुणाचा संसार मोडल्याचं ऐकिवात नव्हतं. पण दुरुस्तीच्या मान्यतेला इथे तीन-पंचमांश मतं लागत. साधं बहुमत अनेकदा झालं, दोन्ही सभागृहांत तेवढी मतं कधीच झाली नाहीत. १९८२ च्या उन्हाळ्यात सात स्त्रियांनी स्प्रिंगफील्डमध्ये ३७ दिवस उपोषण केलं. त्यांत सोनिया जॉन्सन होती, ईआरएला पाठिंबा दिल्यानंतर मॉर्मन चर्चने बाहेर काढलेली. दुसऱ्या एका गटाने स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं, संगमरवरी फरशीवर डुकराचं रक्त सांडलं. उपोषण म्हटलं की आपल्या मनात जे उभं राहतं ते तिथल्या आमदारांच्या मनात उभं राहत नाही. २२ जूनला प्रतिनिधीगृहात मतदान झालं, चार मतं कमी पडली.

श्लाफ्लीने वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात मेजवानी दिली. पण तिच्या हाती पुढे काय लागलं? १९८० साली रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांचा पाठिंबा जाहीरनाम्यातून काढला, रेगन निवडून आला, मात्र संरक्षण खात्यावर आयुष्य घालवलेल्या या बाईला त्याने तिथे कसलंही पद दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री म्हणून त्याने नेमली ती सँड्रा डे ओकॉनर, जिने अ‍ॅरिझोनाच्या सेनेटमध्ये ईआरएला पाठिंबा दिला होता. आणि दोषाशिवाय घटस्फोट, ज्याने 'नवऱ्याने पोसायची हमी' खऱ्या अर्थाने खिळखिळी केली, तो कायदा देशात पहिल्यांदा कॅलिफोर्नियात झाला १९६९ मध्ये. गव्हर्नर म्हणून सही होती रोनाल्ड रेगनची. १९८० च्या सुमारास निम्म्या विवाहित स्त्रिया नोकरी करतच होत्या. आमच्या शेजारच्या बाईही १९८४ मध्ये विमा कचेरीत लागल्या आणि एकवीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांना यात विसंगती वाटत नाही. "नोकरी करू नये असं मी कधी म्हटलं? घरी राहणाऱ्या बाईला कुणी मूर्ख म्हणू नये, एवढं म्हणत होते."

हे वाक्य मी फोनवर आईला सांगितलं. आई कऱ्हाडला एका पतसंस्थेत होती. आजी अंथरुणाला खिळली आणि मी दोन वर्षांची, तेव्हा तिने नोकरी सोडली. मला वाटलं होतं ती श्लाफ्लीला नावं ठेवेल. ती म्हणाली, "तिचं काय चुकलं? मी तुला वाढवलं, सासूचं सगळं केलं, आणि तुम्ही फॉर्मवर काय लिहिता? आई: काही करत नाही."

मी खरंच तसं लिहिलं होतं. अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर.

माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पुण्याची एक मैत्रीण राहायची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम. टेक., नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. २०१५ पासून अशा काही बायकांना कामाचा परवाना मिळतो, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोचलेली असेल तरच. हिच्या नवऱ्याची पोचलेली नव्हती. सरकारी कागदांवर तिच्यासाठी शब्द होता 'डिपेंडंट'. ती म्हणायची, "तो काहीच बोलत नाही गं. पण महिन्याच्या शेवटी कार्डाचं बिल आलं की मी आपोआप गप्प बसते." श्लाफ्लीला हवी असलेली सोय हीच. पोसणारा नवरा, घर सांभाळणारी बायको, कायद्याचं पाठबळ. फक्त ती हिने निवडलेली नव्हती.

तिच्यामुळेच मला एक प्रश्न पडला जो आधी पडायला हवा होता. नवऱ्याने पोसण्याचा तो कायदेशीर हक्क, ज्याच्यासाठी एवढे ब्रेड भाजले गेले, तो प्रत्यक्षात कितपत चालायचा? शोधताना नेब्रास्का राज्यातला मॅग्वायर विरुद्ध मॅग्वायर हा खटला सापडला, १९५३ चा. अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो शिकवतात. लिडिया मॅग्वायर, वय ६६. शेतकऱ्याची बायको, १९१९ साली लग्न झालेलं. नवऱ्याकडे जमीन, आणि बँकेत व रोख्यांत मिळून लाखाच्या वर डॉलर. घरात न्हाणीघर नाही, आत संडास नाही, स्वयंपाकघरात सिंक नाही. गाडी १९२९ ची फोर्ड, तिचा हीटर धड चालत नाही. ही बाई कोंबड्या पाळून अंडी विकायची आणि त्यातून किराणा आणायची. तीन-चार वर्षांत नवऱ्याने कपड्याला पैसे दिले नव्हते. ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने घरदुरुस्ती, गाडी आणि महिना पन्नास डॉलर द्यायचा हुकूम केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नवरा-बायको एका छपराखाली राहतात आणि संसार चालू आहे तोवर, नवऱ्याची राहणी कशीही असो, त्यात कोर्ट पडणार नाही. हक्क आहे, पण तो मागायचा असेल तर आधी घर सोडायला हवं.

हे मी शेजारच्या बाईंना सांगितलं नाही. दोनदा विषय काढायचा म्हणून गेले, दोन्ही वेळा त्यांनी काहीतरी खायला पुढे केलं. २०१८ मध्ये इलिनॉयने अखेर ईआरएला मान्यता दिली, २०२० मध्ये व्हर्जिनियाने, आणि आकडा ३८ झाला. पण मुदत केव्हाच उलटून गेली म्हणून ते चोवीस शब्द अजून घटनेत छापले गेलेले नाहीत. वाद कोर्टकचेऱ्यांत अडकला आहे. बाईंना हे सगळं बारकाईने माहीत होतं. मी असते तर मत बाजूने दिलं असतं, हे मी त्यांना सांगितलं. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मॅग्वायरची गोष्ट सांगितली ती आईला, परत आल्यावर, कऱ्हाडच्या स्वयंपाकघरात. आई भाजी निवडत ऐकत होती. पोसायची जबाबदारी कायद्याने आहे हे ऐकायला बरं वाटतं, ती म्हणाली, पण मागायला लागतं ना. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं?"

मी निकालपत्र पुन्हा काढून शेवटपर्यंत वाचलं. दावा फेटाळण्यात यावा, असं त्यात आहे. तिचं पुढे काय झालं, त्याबद्दल काही नाही.